रुमाल सोडण्याआधी

पहिल्याच नोकरीत मी एका घराण्याच्या कागदांची वाट लावली. मुद्दाम नाही, उलट फार मन लावून, तीन आठवडे खाली मान घालून. एका खासगी संग्रहात दोन रुमाल आले होते. रुमाल म्हणजे चौकोनी कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. आमच्याकडे मोजदाद रुमालांतच होते. मी नुकतीच ग्रंथालयशास्त्रात एम.लिब. झालेले, पसारा दिसला की हात शिवशिवायचे. दोन्ही रुमाल सोडले, सहाशेच्या वर कागद तारखेप्रमाणे लावले, कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक नंबर टाकले आणि मॅडमना हौसेने दाखवायला गेले. त्यांनी चार-पाच कागद उलटेपालटे केले आणि विचारलं, "अगं, यातला कुठला कागद कुठल्या रुमालात होता, कुणाच्या शेजारी होता, हे कुठे लिहून ठेवलंयस?"

कुठेच नव्हतं.

नंतर कळलं ते असं. एका रुमालात बहुधा पाटीलकीच्या वतनाच्या तंट्याचे कागद होते. तीन पिढ्यांतल्या कुणीतरी पुरावा म्हणून गोळा केलेली जुन्या सनदांची नक्कल, एक महजर (पंचांसमोर झालेल्या निवाड्याचा कागद), भावाभावांची पत्रं आणि मधेच "रुपये पावले" एवढंच सांगणारी एक चिठ्ठी. ती चिठ्ठी एकटी वाचली तर काहीच सांगत नाही. महजराला चिकटून असेल तर पैसे कुणी, कशासाठी दिले ते उलगडतं. मी तिला तिच्या तारखेच्या जागी नेऊन बसवलं, म्हणजे मुकी करून टाकलं.

त्यावर कडी म्हणजे तारखाही चुकल्या होत्या. पेशवाईतल्या कागदांवर बऱ्याचदा सुहूर सन ही त्या काळची कालगणना असते, तीही अरबी शब्दांत: "इसन्ने सितैन मया व अलफ" म्हणजे २, ६०, १०० आणि १०००, एकूण ११६२. हे साल मृगाला सुरू होतं, म्हणून इसवी सन काढायला त्यात ५९९ मिळवायचे. जानेवारी ते पुढचा मृग एवढ्या काळासाठी ६००. इथवर मला येत होतं. पण महिने हिजरी, चांद्र. ते सौर सालात दरवर्षी सरकत जातात. मी आपलं प्रत्येक सालाची सुरुवात मोहरमने केली आणि पुढे सफर, रबिलावल अशी रांग लावली. साल सुरू होताना कुठला महिना चालू होता हे बघायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही. त्यामुळे पावसाळ्यातली पत्रं उन्हाळ्यातल्या पत्रांच्या मागे जाऊन बसली.

हे सगळं सांगायचं कारण, "मला अर्काइव्हमध्ये काम करायचंय, त्यासाठी बी.लिब. करू का?" असं विचारणारी मुलं हल्ली वरचेवर भेटतात. अर्काइव्ह म्हणजे जुनी कागदपत्रं सांभाळणारी संस्था. माझं उत्तर: करा, पण त्या पदवीने लावलेल्या काही सवयी नंतर मोडाव्या लागतील, हे धरून चाला.

ग्रंथालयशास्त्राची पारंपरिक रचना म्हणजे कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर एक वर्ष बी.लिब. आणि त्यावर एक वर्ष एम.लिब. आता काही विद्यापीठांत दोन्ही मिळून दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम असतो, तेव्हा प्रवेशाआधी माहितीपत्रक नीट वाचा. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे. मी इतिहासात बी.ए. केलेली, गाव सातारा जिल्ह्यातलं. पुण्यात खोली घेऊन राहिले आणि पहिले दोन महिने ड्यूईच्या, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या वर्गीकरणाच्या, जाडजूड खंडांसमोर डोळ्यांत पाणी आणून बसले. वर्गात वापरायची ती एकोणिसावी आवृत्ती, तीन खंडांची, माझ्याहून वयाने मोठी. परीक्षेत शीर्षकं देतात, तुम्ही वर्गांक (विषयाचे आकडे) बांधायचे. मराठी कादंबरी ८९१.४६३, कविता ८९१.४६१, हे रात्री झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचं कोलन वर्गीकरण आणखी कोड्यात टाकणारं, पण त्यातली गंमत एकदा कळली की ड्यूई भाजीवाल्याच्या हिशेबासारखं वाटू लागतं. (हे माझं मत. माझ्या मैत्रिणीला उलटं वाटतं.)

तोंडी परीक्षेत रंगनाथनांचे १९३१चे पाच सिद्धांत विचारणारच. त्यांतला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा, हा मला नोकरीत रोज आठवतो. बाकीचे चार परीक्षेपुरते उरले. सयाजीराव गायकवाडांनी १९१०मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं, हेही पाठ करून जा. मराठी मुलाखतकाराला ते उत्तर आवडतं.

वर्गीकरणात खोट आहे असं माझं म्हणणं नाही. पुस्तकाचा वर्गांक त्याच्या विषयावरून ठरतो. तीच कादंबरी पुण्यात ८९१.४६३ आणि पणजीतही ८९१.४६३. शेजारी कुठलं पुस्तक आहे याने काही बिघडत नाही. कागदाचं तसं नसतं. तो कुणाच्या दप्तरात, कुठल्या कामासाठी तयार झाला आणि कशाबरोबर बांधला गेला, यावर त्याचा अर्थ ठरतो. या शास्त्रात याला उगम आणि मूळ क्रम म्हणतात. आमच्या एम.लिब.मध्ये यावर एक प्रकरण होतं. मी ते पाठ करून गुणही मिळवले होते, आणि तरी रुमाल सोडला.

पुण्याच्या पेशवे दप्तरात, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांच्या संग्रहात, गेलात तर हे डोळ्यांनी दिसतं. तिथले विभाग विषयवार नाहीत. शाहू दप्तर, आंग्रे दप्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास अशी कारभाराचीच नावं आहेत. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३०च्या दशकात त्यातून निवडक ४५ खंड छापले. खंड हाताळायला सोपे म्हणून आपण तेच उघडतो, पण निवडलेलं पत्र मूळ शेजाऱ्यांपासून तुटलेलं असतं, हे लक्षात असू द्या. मुंबईत राज्याचं पुराभिलेखागार काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. त्याचं मूळ १८२१चं. कोल्हापूर आणि नागपूरलाही शाखा आहेत. नोकरी शोधायला नंतर जा, आधी एकदा अभ्यासक म्हणून अर्ज करून बसा. कागद मागवायला मागणीपत्रक कसं भरतात, सूची कुठे अपुरी पडते, खाली काम करणाऱ्यांना किती पायऱ्या चढाव्या लागतात, हे टेबलाच्या त्या बाजूने बघितलेलं पुढे फार उपयोगी पडतं.

अर्काइव्हसाठीचं वेगळं शिक्षण म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या शाळेतला एक वर्षाचा डिप्लोमा. तिथेच काही आठवड्यांचे छोटे अभ्यासक्रमही असतात. वर्ष काढणं जमत नसेल तर जतनाचा छोटा वर्ग तरी करा. मी तोच केला आणि मोडी लिपीतल्या जुन्या कागदांबद्दल एक गोष्ट शिकले जी आधी माहीत असती तर बरं झालं असतं: ती शाई बहुतेक काजळीची असते. उजेडाने ती उडत नाही, म्हणून दोनशे वर्षांनंतरही अक्षर ठसठशीत दिसतं. पण पाणी लागलं की फुटते. त्यामुळे डाग दिसला म्हणून ओला कापूस फिरवायचा नाही. फाटलेल्या कडेला जपानी टिश्यू आणि खळ, तीही बेताने. सेलोटेप लावणाऱ्याला मी मनातल्या मनात शिव्या घालते.

आणि मोडी. आपल्याकडच्या संग्रहांत काम करायचं असेल तर मोडी येणं हे नेट-सेट या पात्रता परीक्षांइतकंच महत्त्वाचं, असं माझं ठाम मत झालंय. पुराभिलेख विभाग वर्ग घेतो, भारत इतिहास संशोधक मंडळातही शिकवतात. मुळाक्षरं आठवड्यात येतात. खरा त्रास पुढे: प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, आणि संक्षेप. वर्ग संपला म्हणजे मोडी आली असं समजू नका. रोज अर्धा तास, एकाच हाताचे कागद वाचत राहा, मग दुसरा हात घ्या. तंजावरच्या सरस्वती महालात मराठी राजांचे मोडी कागद आहेत, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतही मराठी कागदपत्रं आहेत. तुमची लिपी कामाला येईल अशा जागा पुण्याबाहेरही पुष्कळ.

नोकऱ्यांचं स्पष्टच बोलते. कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं तर पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के आणि नेट किंवा सेट लागते. महाराष्ट्र-गोव्याची सेट पुणे विद्यापीठ घेतं. पण पात्र झालात म्हणजे जागा निघेलच असं नाही, कंत्राटावर वर्षानुवर्षं काढणारे माझ्या बॅचमध्ये आहेत. गावोगावची सार्वजनिक ग्रंथालयं १९६७च्या कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांप्रमाणे अनुदान घेतात, आणि तिथला पगार त्या अनुदानाच्या मापाने. प्रेमाखातर जा, पण घरी आधी बोलून घ्या. त्यामानाने संस्था आणि कंपन्यांच्या संग्रहांकडे मुलांचं लक्ष कमी जातं. रिझर्व्ह बँकेचं अर्काइव्ह १९८१पासून पुण्यातच आहे, टाटांचं केंद्रीय अर्काइव्हही पुण्यात, गोदरेजचं विक्रोळीला, बंगळुरूला एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत विज्ञानाचं. अशा ठिकाणी मोडी नाही विचारत. ईमेल, छायाचित्रं आणि ध्वनिमुद्रणं कशी टिकवाल ते विचारतात. सरकारी अभिलेख व्यवस्थापनासाठी १९९३चा सार्वजनिक अभिलेख कायदा वाचून ठेवा. १८९२पूर्वीचा कागद अगदीच निकामी झालेला नसेल तर नष्ट करता येत नाही, हे त्यातलं कलम मुलाखतीत मला एकदा तारून गेलं.

संगणकाचं काम वर्गात शिकवतात त्यावर भागत नाही. कोहा हे ग्रंथालयाची सूची सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून ते स्वतः बसवा, घरातल्या शंभर पुस्तकांची नोंद करा. तेवढ्यात समजेल की केशवसुत हवे असतील तर कृष्णाजी केशव दामलेंपर्यंत वाट कशी काढून द्यावी लागते. आणि कुठल्याही ग्रंथालयात रुजू झालात की पहिल्या दिवशी बघा, त्यांची मराठी सूची युनिकोडमध्ये आहे की जुन्या फाँटमध्ये. जुन्या फाँटमधल्या नोंदी पडद्यावर सुंदर दिसतात, पण शोधायला गेलं की एकही सापडत नाही. मी एका ठिकाणी अकरा हजार नोंदी बदलताना अख्खा उन्हाळा घालवला, आणि त्यातल्या र-काराच्या चुका अजून कुणीतरी मला फोन करून सांगतं.

त्या दोन रुमालांचं काय झालं? दोन महिने लागले. कापडाच्या घड्यांच्या खुणा, कडेची, कागद खाणाऱ्या कसरीची भोकं (एकमेकांवर ठेवलेल्या कागदांत ती एकाच रेषेत येतात) आणि ओलीचे डाग जुळवून मॅडमनी आणि मी अंदाजे अर्धे कागद जागेवर आणले. उरलेल्या अर्ध्यांच्या यादीवर "मूळ क्रम अज्ञात" असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. आता नवा रुमाल आला की सोडण्याआधी गाठीचा फोटो काढते, मग प्रत्येक थराचा. पेन्सिलीचा नंबर सगळ्यात शेवटी. हातमोज्यांनी मोडी कागद उलटत नाहीत, बोटांना अंदाज राहत नाही. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. मास्क मात्र लावाच, आणि ॲप्रन सुती घ्या, पुण्यात मार्चनंतर दप्तरखान्यात पंखा लावू देत नाहीत.