वळीव येण्याआधी मध काढा, पण मोहरबंद झालेलाच

सह्याद्रीच्या घाटपट्ट्यात जांभळाचा फुलोरा सरतो, हिरडा सुरू होतो आणि त्याच सुमारास दुपारचे ढग जमू लागतात. सगळ्यात जास्त मध वाया जातो तो याच दिवसांत. मधपेटीतली फ्रेम, म्हणजे पोळ्याची चौकट, भरलेली दिसते, व्यापारी डबे घेऊन दारात उभा असतो, वळवाची धास्ती असते. मग पोळ्याची अर्धी घरे उघडी असलेली फ्रेम मध काढायच्या यंत्रात फिरवली जाते. पावसाळा लागल्यावर तोच मध डब्यात फसफसतो, वर फेस येतो, आंबूस वास सुटतो, झाकण फुगते. वर्षभराची कमाई उकिरड्यावर जाते आणि पुढच्या वर्षी पेट्या विकायला निघतात.

म्हणून या महिन्यातले सगळ्यात महत्त्वाचे काम एकच: घरांवर मेणाची टोपी आली आहे का, ते पाहा. माशी फुलातला रस आणते तेव्हा त्यात पाणी भरपूर असते. पंखांनी वारा घालून ती ते उडवते आणि मध पिकला की वरून मेणाने बंद करते. अन्न सुरक्षा मानकाप्रमाणे मधात पाणी 20 टक्क्यांच्या आत हवे. त्याहून जास्त असले की मधातलेच यीस्ट जागे होते आणि मध आंबतो. सातेरीचा, म्हणजे आपल्या देशी पेटीतल्या माशीचा, मध मुळातच पातळ असतो. त्यामुळे सूर्यफुलावरच्या मेलिफेरा (विदेशी माशी) पेट्यांचे ऐकीव नियम घाटातल्या दमट हवेत लावू नका.

फ्रेमची किमान तीन चतुर्थांश घरे बंद असावीत, असा शिफारशीचा नियम आहे. घाटात मी त्याहून जास्त सांगेन: जवळजवळ सगळी बंद झाली की मगच काढा. उघड्या घरांची शंका असेल तर फ्रेम आडवी धरून एक झटका द्या. थेंब उडाले तर फ्रेम परत पेटीत ठेवा. अंधार पडल्यावर पेटीला कान लावूनही पाहावे. आत पंख्यासारखी घरघर जोरात चालू असेल तर माश्यांचे पाणी उडवण्याचे काम संपलेले नाही. हे कुठल्या पुस्तिकेत मिळणार नाही, पण मला ते सहसा खरे ठरताना दिसले आहे.

मध बंद होण्याआधीच वळीव पडला तर? घाई करू नका. दोन-तीन कडक उन्हाचे दिवस जाऊ द्या, पुन्हा फ्रेम पाहा, बंद झालेल्या तेवढ्याच काढा. बाकीचा मध माश्यांचा. तो पावसाळ्यात त्यांच्या पोटात जाईल आणि वसाहत टिकेल. कच्चा मध काढून तुमचेही भले होत नाही, माश्यांचेही नाही.

काढतानाची एक चूक फार जणांकडून होते. टोप्या कापायची सुरी गरम पाण्यात बुडवतात आणि तशीच ओली फिरवतात. दर वेळी कोरड्या फडक्याने पुसा. यंत्र, गाळणी, भांडी उन्हात खणखणीत वाळवा. काम बंद, कोरड्या खोलीत करा. उघड्या भांड्यातला मध दमट हवेतले पाणी ओढून घेतो, म्हणून रात्रभर उघडा ठेवू नका. गाळून उंच, झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात दोन-तीन दिवस स्थिर ठेवा आणि वर आलेला फेस काढा. जस्ताचा पत्रा वापरू नका, मध आम्ल असतो. पातळ मध चुलीवर आटवून घट्ट करू नका. रंग काळवंडतो, एचएमएफ (मध तापवल्याने वाढणारा घटक) वाढते आणि तपासणीत माल नापास होतो.

आता विक्रेत्यांबद्दल. माश्यांची ताकद वाढवणारी टॉनिके, खबरदारी म्हणून द्यायची प्रतिजैविके, यांवर पैसे घालू नका. प्रतिजैविकाचा अंश मधात उतरतो. मेलिफेराच्या पेट्या घाटातल्या शेतकऱ्याच्या गळ्यात मारणाऱ्यांपासूनही सावध राहा. त्या पेट्या फुलोऱ्यामागे हलवाव्या लागतात आणि घाटातला मुसळधार पाऊस त्यांना मानवत नाही. खर्च करायचाच असेल तर चार-पाच जणांत मिळून मधाचा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे मधातले पाणी मोजणारे उपकरण, घ्या. पाण्याचा आकडा स्वतः पाहिलेला असला की व्यापाऱ्याला भाव पाडायला निमित्त उरत नाही. पाण्यात थेंब टाकून किंवा वात पेटवून मधाची पारख होत नाही.

कारवीच्या मधाचे वेगळे आहे. कारवी साधारण आठ वर्षांनी एकदाच सामूहिक फुलते, पावसाळा सरताना. तिचा दाट, गडद मध मग पुन्हा वर्षानुवर्षे मिळत नाही. त्यात सुक्रोज स्वभावतःच जास्त असू शकते, म्हणून मानकात इतर मधाला 5 टक्के मर्यादा आहे, तर कारवीला 10. साखर जास्त निघाली म्हणून कोणी भेसळीचा ठपका ठेवला तर हा नियम दाखवा. जांभूळ, हिरडा, कारवी यांचे मध वेगवेगळ्या भांड्यांत ठेवा आणि डब्यावर फूल, गाव, काढल्याचा महिना लिहा. एकत्र ओतला की जातिवंत मधही साध्या भावाने जातो. महाबळेश्वरजवळचे मांघर 2022 मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. असा नावलौकिक टिकवायचा तर डबा उघडल्यावर आंबूस वास येऊन चालणार नाही.

आग्या मोहोळ काढणाऱ्यांनो, टेंभ्याने जाळू नका. फक्त वरचा मधाचा गड्डा कापा, अंडी-अळ्यांचा भाग तसाच सोडा, पोळे पुन्हा भरते. हाताने पिळलेल्या मधात अळ्यांचा रस उतरतो आणि तोही आंबतो. तुकडे करून गाळणीवर ठेवा, आपोआप निथळू द्या.

बाकी नेहमीची कामे:
- पेटी स्टँडवर, स्टँडच्या पायांना पाण्याच्या वाट्या
- तळपाटाची सफाई, मेणकिड्याची जाळी काढणे
- रिकाम्या फ्रेमना गंधकाची धुरी, मग बंद साठवण
- पेटीवर पावसाळी छप्पर, भोवतालचे गवत काढणे
- खालच्या, पिल्लांच्या कप्प्यातल्या मधाला हात नाही
- पावसाळ्यात दर आठवड्याला वसाहतीमागे 200 ग्रॅम साखर, तेवढ्याच पाण्यात, संध्याकाळी
- फुलोरा सुरू होण्याआधी साखरपाणी बंद
- शेजारच्या शेतात फवारणी असेल तर ती संध्याकाळी करण्याची विनंती

गिऱ्हाइकाला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. जांभळाचा मध मधुमेहावर औषध नाही. कडवट असला तरी तोही साखरच आहे. आणि एक वर्षाखालच्या बाळाला कोणताच मध चाटवायचा नाही, त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. अडुळशाच्या रसात किंवा हिरड्याच्या चूर्णात मोठ्यांनी जरूर घ्यावा, मात्र गरम करून नाही. थंडीत मध साखरेसारखा रवाळ झाला म्हणून तो खोटा ठरत नाही. डबा कोमट पाण्यात ठेवला की पुन्हा पातळ होतो.