२०० मीटर गल्ली, १ मीटर कागद

परिसराचा इतिहास चित्रांतून शोधायचा म्हटलं की बहुतेक जण सगळ्यात जुनी इमारत गाठतात आणि तिचं रेखाटन करतात. रेखाटन देखणं होतं, पण हाती नवीन काही लागत नाही. त्या इमारतीबद्दल बहुधा आधीच बरंच लिहिलेलं असतं. त्याऐवजी रोजच्या वाटेवरचा २०० मीटरचा एकच तुकडा घ्या आणि तिथल्या रस्त्यावरच्या लोखंडी झाकणांचे, पायऱ्यांचे, कोनशिलांचे, विटांचे ठसे घ्या, म्हणजे वर कागद ठेवून खडूने घासा आणि खालचा आकार कागदावर उमटवा. ठसा घेताना हात आणि डोळे एकाच जागी पाच-दहा मिनिटं थांबतात, आणि एरवी नजरेतून निसटणारं तेवढ्यात दिसू लागतं. शेवटी हे ठसे लावून गल्लीच्या नकाशाची, घड्या घालता येणारी कागदाची लांब पट्टी करायची आहे. १:२०० या प्रमाणात २०० मीटर म्हणजे बरोबर १ मीटर, म्हणून अंतर तेवढंच धरा.

आधी नुसतं चाला

पहिल्या दिवशी कागद नेऊ नका. एकदा सकाळी लवकर आणि एकदा ऊन कलल्यावर चक्कर मारा. भर दुपारी सपाट दिसणारी झिजलेली अक्षरं तिरप्या उन्हात सावली धरतात आणि वाचता येतात. साल किंवा फाउंड्रीचं (लोखंड ओतणाऱ्या कारखान्याचं) नाव असलेली झाकणं, बुजवलेल्या खिडक्यांच्या कडा, विटांचा आकार अचानक बदलतो ती रेघ, मध्यभागी झिजलेल्या पायऱ्या, भिंतीवरच्या जुन्या जाहिरातींचा पुसट रंग, हे सगळं टिपून ठेवा. जुन्या भिंतींवर बाहेरून लोखंडी चकत्याही दिसतात. त्या नुसत्या शोभेच्या नसतात. आतून गेलेली सळई त्यांच्या आधाराने भिंतीला बाहेर झुकू देत नाही. चकती दिसली की ती भिंत कधीतरी हलली असावी किंवा हलेल अशी धास्ती असावी.

सामान

कागद पातळ पण चिवट हवा: ४५ ते ६० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), ए३ आकाराचा. नेहमीचा ८० जीएसएमचा कागद ठळक अक्षरांना चालतो, बारीक नक्षी त्यावर नीट उमटत नाही. वर्तमानपत्राचा कोरा कागद टाळा. तो पटकन फाटतो आणि लवकर पिवळा पडतो. मेणाचे कडक खडू वेष्टण काढून घ्या. सोबत ग्राफाइटची जाड कांडी, मास्किंग टेप, मऊ ब्रश, कोरडं फडकं, मोजपट्टी, पेन्सिल आणि पुठ्ठ्याचं फोल्डर. ठसे गुंडाळून आणू नका, मेण एकमेकांवर घासतं.

ठसा घेणं

समजा पदपथावरचं एक लोखंडी झाकण निवडलं. (रहदारीतलं झाकण कितीही सुंदर असलं तरी सोडून द्या.) ब्रशने माती झाडा. ओल असेल तर थांबा, कारण ओला कागद घासताच फाटतो. टेप जिथे लागणार ती जागा फडक्याने पुसा. आधी वरची कडा चिकटवा, कागद ताणून खालची, मग बाजूच्या. आता तळहाताने कागद दाबा आणि उंचवटे बोटांनी चाचपून घ्या. खडू आडवा धरून अगदी हलक्या हाताने मधून बाहेर न्या. पहिला थर फिकाच दिसायला हवा. सगळा आकार उमटला की त्याच दिशेने दुसरा थर द्या, थोडा जोर लावून.

अक्षरं दुहेरी उमटली तर कागद सरकला आहे. बहुतेक वेळा टेप धुळीवर चिकटलेली असते. कडेला कागद फाटला तर खडूचं टोक टेकलं आहे. सगळा कागद सारखाच काळा झाला तर जोर जास्त पडला: पातळ कागद खोलगट भागात दाबला जातो आणि तिथेही मेण लागतं. उन्हाने तापलेल्या लोखंडावर मेण मऊ होऊन फरफटतं, तिथे सकाळी जा किंवा ग्राफाइट वापरा. खडबडीत दगडावर दगडाचे कणच उमटतात आणि अक्षरं हरवतात. अशा वेळी मात्र ८० जीएसएमचा कागद बरा.

चीनमध्ये शिलालेखांचे ठसे हजार वर्षांहून अधिक काळ घेतले जात आहेत. चित्रकार माक्स अर्न्स्टने १९२५ मध्ये लाकडी फळ्यांवर कागद घासून ‘फ्रोताज’ हे तंत्र विकसित केलं. त्याला त्या रेषांतून कल्पनेतली चित्रं काढायची होती. आपल्याला जे आहे तेच हवं आहे, म्हणून अर्धवट उमटलेलं अक्षर पेन्सिलीने पुरं करू नका.

कुठे हात लावायचा नाही

पोपडे सुटलेला दगड, दगडफुलाने भरलेला पृष्ठभाग, रंगवलेला गिलावा आणि हलणारा दगड यांचा ठसा घेऊ नये. बोटाने हलकेच टकटक केल्यावर पोकळ आवाज आला तर वरचा थर आतून सुटला आहे. घासण्याच्या दाबाने तो निखळेल आणि त्याच्यासोबत अक्षरंही जातील. संरक्षित वास्तू आणि कबरींसाठी लेखी परवानगी घ्या.

अशा ठिकाणी संध्याकाळी फोटो काढा. कॅमेरा अगदी समोर, टॉर्च मात्र भिंतीलगत बाजूने धरायचा. उजेडाला समांतर असलेल्या रेघेची सावली पडत नाही, म्हणून वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून असे चार फोटो हवेत.

मागची बाजू

प्रत्येक ठशामागे तिथल्या तिथे पेन्सिलीने लिहा: तारीख, गल्लीच्या सुरुवातीपासूनचं अंतर, कोणती बाजू, जमिनीपासून उंची, दगड की लोखंड. घरी जाऊन लिहू म्हटलं की दोन झाकणांची हमखास अदलाबदल होते.

आणि सालावर लगेच विश्वास ठेवू नका. झाकणावरचं साल ते तिथे बसवल्याचं असेलच असं नाही; झाकणं बदलली जातात, दुसरीकडून आणलीही जातात. कोनशिलेवर पुष्कळदा काम सुरू झाल्याची तारीख असते, पूर्ण झाल्याची नव्हे. पडताळणीला जुना नकाशा लागतो. तो ट्रेसिंग पेपरवर उतरवा, आजच्या नकाशाच्या मापाला आणा आणि एका रेषेत नसलेल्या तीन पक्क्या खुणा जुळवा: चौक, पूल, रुळांची वळणं. जुना कागद दमटपणाने फुगतो-आकसतो, तेव्हा मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या फरकावरून रस्ता सरकला असं ठरवू नका.

तिथल्या जुन्या रहिवाशांना आठवणी विचारण्याऐवजी कोरा कागद द्या आणि लहानपणीची शाळेची वाट काढायला सांगा. मापं चुकतील, पण जे मोठं काढलं जातं ते त्यांच्यासाठी महत्त्वाचं होतं.

पट्टी

१५० जीएसएमच्या आसपासच्या कागदाच्या, २० सेंटीमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या घ्या: एक ५० आणि दुसरी ५२ सेंटीमीटर लांब. २ सेंटीमीटर एकमेकींवर चढवून चिकटवा आणि दर १० सेंटीमीटरवर घडी घाला. कागद ज्या दिशेने सहज वाकतो त्याच दिशेने घडी यायला हवी, नाहीतर घडीवर तडे जातात. मधोमध रस्ता आखा. वर एक बाजू, खाली दुसरी. १ सेंटीमीटर म्हणजे २ मीटर, म्हणजे ६४ मीटरवरचं झाकण ३२ सेंटीमीटरवर येईल.

मूळ ठसे कापू नका. स्कॅन करून ५-६ सेंटीमीटरचे छापा आणि ते चिकटवा. डिंक पातळ लावा, वर बटर पेपर ठेवून रात्रभर वजनाखाली दाबा. मूळ ठसेही बटर पेपर घालून, उष्णतेपासून दूर, सपाट ठेवा; ग्राफाइटच्या ठशांवर आधी मोकळ्या हवेत ३० सेंटीमीटरवरून फिक्सेटिव्हचे (ग्राफाइट पुसलं जाऊ नये म्हणून मारायच्या फवाऱ्याचे) दोन पातळ हात मारा.

पट्टीवर काही जागा कोऱ्या राहतील. त्या सजावटीने भरू नका, फक्त पेन्सिलीने शेवटच्या फेरीची तारीख लिहा. पाऊस पडून गेल्यावर तिथे पुन्हा जा: कोरड्या भिंतीवर न दिसणारी जुनी रंगवलेली अक्षरं ओल्या भिंतीवर कधीकधी स्पष्ट दिसतात.