गाडीसमोर अचानक जनावर आलं तर काय करायचं?

जनावर आडवं आलं की हात आपसूक स्टिअरिंग वळवतात. पहिल्यांदा मोडायची ती हीच सवय. कुत्र्याला वाचवायला गाडी वळवली आणि ती झाडावर, खड्ड्यात किंवा समोरून येणाऱ्या ट्रकवर गेली, तर कुत्रा वाचतो, गाडीतली माणसं वाचतीलच असं नाही. ऐकायला निष्ठुर वाटेल, पण लहान जनावरासाठी आपली लेन सोडायची नाही. ब्रेक दाबायचा आणि गाडी सरळ ठेवायची.

आधी वेगाचा हिशोब

ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. जनावर दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर ब्रेक लागायच्या आतच ३३ मीटर संपले. पुढे कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही थांबायला आणखी ३५ मीटर लागतात. म्हणजे जवळजवळ ७० मीटर. डिपरवर, म्हणजे दिव्यांचा झोत खाली असताना, साधारण ४० ते ६० मीटरपर्यंतच नीट दिसतं. थोडक्यात, रात्री डिपरवर ८० ने जाताना जनावर दिसतं तेव्हाच उशीर झालेला असतो. तेच ६० वर असाल तर एकूण ४५ मीटरमध्ये गाडी उभी राहते. रस्ता ओला असेल तर हे सगळे आकडे वाढवून धरा.

नजर कुठे ठेवायची

फक्त डांबरावर नको, दोन्ही कडांवर हवी. झुडपं, उंच गवत, पुलाजवळचा ओढा, शेताची बांधाकडची बाजू. पहाटे आणि तिन्हीसांजेला हरणं, डुकरं जास्त हलतात, आणि नेमका तेव्हाच उजेड फसवा असतो. समोर वाहन नसेल तेव्हा अप्पर, म्हणजे लांबचा झोत, लावा. अंधारात दोन ठिपके चमकले की तो रिफ्लेक्टर आहे की डोळे, याचा विचार करत बसू नका, पाय आधी अॅक्सिलरेटरवरून काढा. पण डोळे चमकण्याच्या भरवशावरही राहू नका. पाठमोरी उभी असलेली काळी म्हैस अंगावर येईपर्यंत दिसत नाही.

जनावरांची पाटी दिसली की वेग कमी करा. ती बहुतेकदा नेहमीच्या वाटेवरच लावलेली असते.

समोर आलंच तर

१. आरशात बघायला वेळ असेल तर मागे कोण चिकटलंय ते बघा. वेळ नसेल तर सोडून द्या.

२. ब्रेक जोरात दाबा. गाडीला एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) असेल तर पाय दाबूनच ठेवा. पेडल थरथरतं, त्याला घाबरून पाय उचलू नका. एबीएस नसेल आणि चाकं लॉक होऊन गाडी घसरू लागली, तर ब्रेक किंचित सैल करून पुन्हा दाबा.

३. हॉर्न वाजवा. जनावर दिव्यांपुढे थिजून उभं राहिलं असेल तर अप्परचा झोत डोळ्यांवरून काढून डिपर करा.

४. वेग अगदी कमी झाला असेल आणि बाजूला जागा मोकळी असेल, तरच हळू वळा. वळायचं ते जनावराच्या मागच्या बाजूने, म्हणजे ते जिकडून आलं तिकडून. गाय-म्हैस सहसा पुढेच चालत राहते. कुत्रा, मांजर आणि खार यांचा मात्र नेम नाही, अर्ध्यातून उलटी पळतात.

५. एक गेलं की लगेच निघू नका. हरणं, डुकरं, शेळ्या एकटी नसतात. मागून दुसरं येईल असं धरूनच थांबा.

घोडा, उंट, बैल यांची गोष्ट वेगळी. त्यांचे पाय लांब, त्यामुळे गाडीने पाय उडवले की सगळं धड थेट काचेवर येतं. इथे वेग जितका खाली आणता येईल तितका आणणं हाच खरा बचाव, आणि सीट बेल्ट.

कळप चालला असेल तर लांब थांबा. हॉर्न आणि इंजिनचा आवाज नको, बिथरलेला कळप कुठेही धावतो. राखण करणारा माणूस खूण करेल, त्याच्या मर्जीने निघा.

दुचाकीवर

पुढचा आणि मागचा ब्रेक एकत्र, हँडल सरळ, गाडी उभी. वळणात कललेल्या गाडीवर जोरात ब्रेक दाबला की चाक निसटू शकतं. मागे लागणाऱ्या कुत्र्याला लाथ मारणं हा सर्वांत वाईट उपाय, तोल आपलाच जातो. वेग कमी करा. गाडी पुढे कुठे पोहोचेल या अंदाजाने तो धावत येतो, जवळ आला की सावकाश वेग वाढवा, त्याचा अंदाज चुकतो.

धडक झाल्यावर

गाडी कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा, धोक्याचा लाल त्रिकोण मागे ठेवा. जखमी जनावराला हात लावू नका. वेदनेत पाळीव कुत्राही चावतो, हरिण खुरांनी मारतं. स्थानिक पोलिसांना किंवा वन्यजीव असेल तर वन विभागाला कळवा, ठिकाण नीट सांगा. निघण्याआधी बॉनेटखाली वाकून बघा: पाणी ठिबकत नाही ना, बंपर चाकाला घासत नाही ना, दिवे लागतात ना. रेडिएटर फुटला असेल तर गाडी तशीच पुढे रेटू नका, इंजिन थोड्याच वेळात तापतं.