एसटीएल, स्टेप, पॉइंट क्लाउड: वेगळ्या फॉरमॅटमधले थ्रीडी आकार कसे जुळवायचे

आपल्या थ्रीडी मॉडेलसारखी मॉडेल साठ्यातून शोधायचीत, पण फाइल्स वेगवेगळ्या फॉरमॅटच्या? आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, फाइल फाइलशी जुळवायचीच नाहीये. एसटीएलमध्ये नुसते त्रिकोण, स्टेपमध्ये गणिती पृष्ठभाग, स्कॅनमधून आलेले तर निव्वळ ठिपके (पॉइंट क्लाउड), मग तुलना करणार कशाची? म्हणून सगळ्यांना एकाच रूपात आणा, म्हणजे प्रत्येक मॉडेलच्या पृष्ठभागावर साधारण २००० रँडम पॉइंट टाका. स्टेप असेल तर आधी मेश (त्रिकोणांची जाळी) करून घ्या. आणि पॉइंट टाकताना त्रिकोणाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात टाका हं, नाहीतर जिथे बारीक त्रिकोण जास्त तिथेच गर्दी होते आणि पुढचं सगळं गंडतं.

मग मध्यबिंदू शून्यावर आणा, साइज सारखी करा. एसटीएलमध्ये युनिटच नसतं, त्यामुळे मिलिमीटर की इंच हे फाइल सांगत नाही. पण साइजच महत्त्वाची असेल, म्हणजे ८ आणि १० मिलिमीटरचे बोल्ट वेगळे धरायचे असतील, तर युनिट नीट तपासा आणि स्केलिंग करूच नका.

सारखी मॉडेल शोधायला डी२ (अंतरांवरून आकार ओळखायची पद्धत) मस्त: पॉइंटच्या रँडम जोड्या घ्या, अंतरं मोजा, हिस्टोग्राम (कोणतं अंतर किती वेळा आलं त्याचा आलेख) काढून सेव्ह करा. मॉडेल कसंही फिरवलेलं असो, फरक पडत नाही. फक्त डावा-उजवा हातमोजा याला सारखाच दिसतो!

ज्यांचे हिस्टोग्राम आपल्या मॉडेलच्या सगळ्यात जवळचे, अशी पहिली २०-३० मॉडेल निवडा, आयसीपीने (पॉइंटचे दोन संच टप्प्याटप्प्याने जुळवणारी पद्धत) आपल्या मॉडेलवर बसवा (सुरुवात दोन-चार दिशांनी करा, चुकीच्या जागी अडकतं ते) आणि चॅम्फर अंतराने (एकाच्या प्रत्येक पॉइंटपासून दुसऱ्याच्या सर्वांत जवळच्या पॉइंटपर्यंतच्या अंतरांची सरासरी, दोन्ही बाजूंनी) क्रम लावा.