नवं फळ लावण्याआधी चाखताना या चुका टाळा

"ड्रॅगनला चवच नाही हो, नुसतं पाणी!" असं कुणी म्हणालं की मी विचारतो, कुठलं खाल्लंत? उत्तर ठरलेलं: शहरातल्या दुकानातलं, फ्रीजमधलं.

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती मीही केली आहे. ड्रॅगन फळ आंब्यासारखं आढीत पिकत नाही. तोडलं की गोडी तिथेच थांबते, आणि लांब पाठवायचं फळ तर जरा आधीच तोडतात. व्हिएतनामहून आलेलं पांढऱ्या गराचं एकच फळ खाऊन मी लागवडीचा विचार सोडला होता. तीन वर्षांनी, ऑगस्टात, जत तालुक्यात एका ओळखीच्या शेतकऱ्याने लाल गराचं फळ वेलावरून तोडून हातावर ठेवलं. फूल उमलून महिना उलटलेला, खवल्यांची टोकं सुकायला लागलेली. कापताच बोटं जांभळी झाली. इतकं गोड, की मी दुसरं मागून घेतलं. माझे तीन हंगाम वाया गेले ते त्या एका फळापायी.

नुसता मधला गर खाऊनही भुलू नका. गोडी मध्यभागी जास्त, सालीकडे कमी. मी उभी फोड काढतो आणि सालीपर्यंत खातो. मीठ नाही, चाट मसाला नाही. थंड फळ कमी गोड लागतं, म्हणून तासभर बाहेर ठेवतो. निदान तीन बागांतली फळं खातो, त्यातलं एक तरी मोठ्या पावसानंतर तोडलेलं.

ॲव्होकॅडोचं उलट. ते झाडावर मऊ होतच नाही. केळ्यासोबत कागदात गुंडाळून ठेवा, देठापाशी अंगठा दबला की कापा. कडक फळ कापून 'कडू आहे' म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. कैरी खाऊन हापूसला कुणी नावं ठेवतं का?

आवडलेल्या फळाची बी पेरू नका. ॲव्होकॅडो बियांपासून तसंच्या तसं येत नाही, रंबुटानच्या (लिचीसारखं केसाळ फळ) बियांतून तर नर झाडंही निघतात. कलमच घ्या.

नर्सरीत फळ चाखायला दिलं, तर ते कोणत्या झाडाचं आणि रोप कोणत्या झाडाचं, हे आधी विचारा.

ड्रॅगनचा वेल चढवायचे खांब एकदा रोवले की पंधरा-वीस वर्षं ती जागा अडते, आणि खर्च पहिल्याच वर्षी होतो. एक हंगाम बागा फिरण्यात गेला तर जाऊ द्या. जून ते नोव्हेंबर फळं असतात. पिशवीत सुरी टाका आणि निघा.