राजदरबारातील प्रेम आणि कारस्थान : काल्पनिक राज्याची कथा लिहिताना या चुका टाळा

धुळे, जळगाव आणि नंदुरबारकडील तरुण लेखक काल्पनिक राज्यांच्या कथा हौसेने लिहू लागले आहेत, ही मला मनापासून आनंदाची गोष्ट वाटते. मात्र यांतील अनेक कथा मध्यावर येऊन एकाच कारणाने अडतात. राजकन्येचे प्रेम एका बाजूने चालते, सिंहासनाचे कारस्थान दुसऱ्या बाजूने, आणि दोहोंची गाठ शेवटच्या प्रकरणापर्यंत पडत नाही. दरबारात प्रेम ही दोघांची खाजगी बाब राहूच शकत नाही, कारण राजघराण्यातील प्रत्येक विवाह हा दोन राज्यांमधील करार असतो आणि प्रत्येक नवी प्रीती त्या कराराला धक्का देते.

याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. खानदेशाचा सुलतान नासीर खान फारुकी याची मुलगी बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद याला दिलेली होती. पुढे सुलतानाचे मन संगमेश्वरच्या राजाच्या मुलीवर जडले, तेव्हा उपेक्षित राहिलेल्या बेगमेने वडिलांकडे तक्रार पाठवली. नासीर खानाने बहमनी राज्यातील वऱ्हाडावर स्वारी केली, तेथील काही सरदार त्याला जाऊन मिळाले, पण बहमनी सेनानी खलफ हसन याने त्याचा पराभव केला, नासीर खानाची राजधानी बुऱ्हाणपूर लुटली गेली आणि १४३७ मध्ये नासीर खान मरण पावला. या हकिकतीत प्रेमिकांच्या भेटीचे वर्णन कुठेच नाही, तरीही त्या प्रेमाचे ओझे दोन राज्यांनी वाहिले. आपल्या कथेतील प्रत्येक प्रेमप्रसंगाला म्हणूनच एक प्रश्न विचारावा : या भेटीमुळे कोणाची जहागीर, कोणाचे पद किंवा कोणाचा वारसाहक्क धोक्यात येतो? उत्तर सापडत नसेल, तर प्रसंग कितीही सुंदर उतरला तरी तो दरबारातला नाही, आणि तो पुन्हा लिहिणेच बरे.

दुसरी चूक विश्वासघाताच्या मांडणीत होते. कपटी प्रधान पहिल्याच पानावर कपटी दिसतो, त्यामुळे त्याने दगा दिला तरी वाचकाला काहीच वाटत नाही. बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड या डोंगरी किल्ल्याची परंपरेने सांगितली जाणारी हकिकत या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. गडाचा धनी आसा अहीर याच्याकडे नासीर खानाने आपल्या घरच्या स्त्रियांसाठी आश्रय मागितला. पहिल्या दिवशी डोल्यांतून खरोखरच स्त्रिया आल्या आणि आसाच्या घरच्या बायकांनी त्यांचे स्वागत केले. दुसऱ्या दिवशी आलेल्या डोल्यांत मात्र सशस्त्र शिपाई होते, आणि त्यांना सामोरा गेलेला आसा आपल्या मुलांसह मारला गेला. या कटाचे सगळे बळ पहिल्या, खऱ्या दिवसात आहे. आपल्या कथेतील दगा फिका वाटत असेल, तर दग्याचा प्रसंग अधिक भडक करू नका. त्याआधी दगाबाजाच्या हातून एखादे खरे, किंमत मोजून केलेले उपकाराचे काम घडवा.

गुपित फुटते कसे, याकडेही फार थोडे लेखक लक्ष देतात. पडद्याआड उभे राहून सर्व काही ऐकणारी दासी एकदा चालते, दरवेळी नाही. निरोप कोण नेतो, त्याला वेशीवर कोण अडवतो, पावसाळ्यात तापीसारखी नदी दुथडी भरून वाहत असताना पत्र किती दिवस अलीकडच्या काठावर पडून राहते, हे ठरवले की कथानकातील निम्म्या अडचणी आपोआप सुटतात. उशिरा पोहोचलेले पत्र हे प्रेमाला आणि कारस्थानाला एकाच वेळी उपयोगी पडते.

वारसाहक्काचा नियम अगदी सुरुवातीलाच पक्का करावा. फारुकी घराण्यात गादीवर हक्क सांगू शकतील अशा पुरुष नातलगांना असीरगडावर नजरकैदेत ठेवण्याची रीत होती, आणि १६०१ मध्ये अकबराने गड घेतला तेव्हाचा शेवटचा सुलतान बहादूरशाह हाही गादीवर येण्यापूर्वी अशाच कैदेत होता. अशा एका नियमातून केवढे नाट्य निघते ते पाहा : कैदेतील राजपुत्रावर प्रेम करणारी स्त्री त्याच्या राज्यारोहणाची इच्छा धरील की त्याला भिईल?

काल्पनिक राज्यात जादू येते आणि तिथे बहुतेक कट कोसळतात. मनातले ओळखणारा मांत्रिक दरबारात बसवला की कोणालाही काही लपवता येत नाही, मग लेखक त्याला सोयीप्रमाणे आजारी पाडतो किंवा परगावी धाडतो. त्यापेक्षा त्या विद्येला ठरावीक मर्यादा आणि जबर किंमत द्यावी, आणि ती मर्यादा कट करणाऱ्यांनाही ठाऊक असावी, म्हणजे ते तिला वळसा घालून कट रचतील.

संवादांबाबत एवढेच सांगावेसे वाटते की सर्व पात्रांना एकच जड संस्कृतप्रचुर भाषा देऊ नये. मुदपाकखान्यातील बाई अहिराणीसारख्या मोकळ्या बोलीत बोलली आणि महाराणी मोजून मापून बोलली, तर कोणाची सत्ता कुठवर आहे ते वर्णनाशिवाय कळते.

हे सर्व करूनही कथा हलत नसेल, तर हस्तलिखितातून प्रेमकथा पूर्णपणे काढून पाहावी. कट जसाच्या तसा उभा राहिला, तर दुरुस्ती कटात करायची आहे : त्याची पहिली ठिणगी त्या दोघांच्या भेटीतूनच पडेल अशा रीतीने घटनांचा क्रम बदलावा.