पायाचा अंगठा कलू लागल्यास काय करावे

अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला दिसणारा उंचवटा, म्हणजे बनियन, हे बहुधा नव्याने वाढलेले हाड नसते. तळपायाचे पहिले लांब हाड आत आणि अंगठा शेजारच्या बोटाकडे सरकल्याने तेथील सांधाच बाहेर डोकावतो. उभे राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये अंगठा आणि ते लांब हाड यांमधील कोन साधारण 15 अंशांहून अधिक भरल्यास ती विकृती मानतात.

प्रथम पादत्राणे बदलावीत: संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, उभे राहून माप द्यावे आणि पुढे रुंद, कमी टाचेचा जोड निवडावा. बोटांमधील सिलिकॉनच्या गाद्यांनी घासणे व दुखणे कमी होते, पण प्रौढांचे हाड त्याने सरळ होत नाही, हे जाहिरातींना भुलण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. मधुमेह असल्यास पायावरचे कुरूप (घासून कडक झालेली कातडी) घरी ब्लेडने मुळीच कापू नये. एवढे करूनही चालताना वेदना राहिल्या, तरच अस्थिरोगतज्ज्ञांशी शस्त्रक्रियेविषयी बोलावे. केवळ दिसण्यासाठी ती करू नये.